ओएनयू लावला की आपोआप चालू: जिनीएसीएसचा दीड वर्षाचा अनुभव

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर चढलं, तेव्हा आमच्या इंटरनेटच्या ग्राहकांचे २१२ ओएनयू, म्हणजे फायबरची वायर ज्याला जोडतात ते घरातले डबे, बुडाले. परशुराम भट्ट्याकडचे जवळजवळ सगळे, कारेलीबागेतले तळमजल्यावरचे आणि सयाजीगंजातल्या दोन इमारतींचे खालचे मजले. गोकुळाष्टमीच्या सुमाराचा तो पाऊस थांबला, पाणी उतरलं, घराघरातून चिखल उपसणं सुरू झालं आणि आमच्या ऑफिसातला फोन वाजायला लागला. फायबरला पाण्याचं फारसं काही होत नाही, ड्रॉप वायरी, म्हणजे बाहेरून घरात येणाऱ्या वायरी, बऱ्याचशा शाबूत होत्या. नवे डबेही चौथ्या दिवशी आले. अडलं ते सेटिंगपाशी.

हे काम ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. डबा उघडायचा, लॅपटॉपला वायर लावायची, १९२.१६८.१.१ उघडायचं, वॅनमध्ये (बाहेरच्या जोडणीच्या पानावर) जाऊन व्हीलॅन (एकाच वायरीतल्या वेगळ्या वाटेचा नंबर) टाकायचा, पीपीपीओईचा (ग्राहकाच्या लॉगिनचा) युजर आणि पासवर्ड टाकायचा, मग वायफायची दोन नावं, दोन पासवर्ड, अ‍ॅडमिनचा कंपनीचा पासवर्ड बदलायचा, सेव्ह, रीबूट, आणि शेवटी ग्राहकाच्या फोनवर यूट्यूब लावून दाखवायचं. हात बसलेला असला तरी एका घराला अर्धा तास जातो, आणि पुढच्या घरापर्यंत चिखलातून पोचायचा वेळ वेगळा. आमच्याकडे हे जमणारी माणसं तीनच: मी, माझे दीर आणि थोरला लाइनमन. सतरा दिवस लागले. तेराव्या दिवशी कारेलीबागेतल्या एका काकांचा फोन आला. रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "बेन, मारो नंबर क्यारे?" (ताई, माझा नंबर कधी?) त्या घरात दोघंच म्हातारी माणसं, मुलगा कॅनडात. त्या रात्री मी ठरवलं की हे काम हाताने करणं बंद करायचं.

आमचं ऑफिस दांडिया बाजारात. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९९२ मध्ये गच्चीवर डिश लावून केबलचा धंदा सुरू केला. आता टीव्ही कमी आणि इंटरनेट जास्त, साधारण १,४०० कनेक्शनं. बाहेरचं काम भाऊजी बघतात, ऑफिस मी बघते. हे मकरपुरा जीआयडीसीत नोकरी करतात, त्यांचा या धंद्याशी संबंध घरी जेवताना कानावर पडतं तेवढाच. मी सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्स घेऊन बी.एससी. केलं, प्रोग्रामिंग शिकले ते गरजेपुरतं. हे आधी सांगते, कारण एखाद्या मोठ्या कंपनीतल्या नेटवर्क इंजिनिअरला यातल्या काही गोष्टी सोप्या वाटतील. मला त्या सोप्या नव्हत्या, आणि माझ्यासारखे छोटे इंटरनेटवाले गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी लिहिते आहे.

जिनीएसीएस हा एसीएस आहे, म्हणजे ऑटो कॉन्फिगरेशन सर्व्हर: डब्यांची सेटिंग ऑफिसातून आपोआप करून देणारं सॉफ्टवेअर. ग्राहकाच्या घरातला डबा आणि ऑपरेटरचं ऑफिस यांचं एकमेकांशी बोलणं ज्या पद्धतीने चालतं तिचं नाव टीआर-०६९. डीएसएल फोरम नावाच्या संस्थेने ती मे २००४ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा टेलिफोनच्या तारेवर मोडेम लागत होते आणि लाखो घरी माणूस पाठवायचा कसा, हा कंपन्यांपुढचा प्रश्न होता. तीच संस्था २००८ पासून ब्रॉडबँड फोरम म्हणून ओळखली जाते. म्हणजे मी नवं म्हणून ज्याला हात घातला ते वीस वर्षं जुनं होतं, आणि आमच्या ग्राहकांकडे आधीच लावलेल्या ८०० हून जास्त डब्यांमध्ये ते भरलेलंच होतं. टीआर-०६९ नावाचं पान मी त्या डब्यांच्या मेनूत शेकडो वेळा बघितलं होतं आणि शेकडो वेळा ओलांडून पुढे गेले होते. पुराच्या आधी कुणी सांगितलं असतं तर ते सतरा दिवस दोन-तीन दिवसांवर आले असते. याचं मला अजून वाईट वाटतं.

सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, विकत घ्यावं लागत नाही. नोड नावाच्या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, माहिती मोंगोडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये साठवतं. बसवलं की त्याचे चार भाग वेगवेगळे चालू होतात: ७५४७ पोर्टवर (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या एकेका दाराचा नंबर) डब्यांशी बोलणारा, ७५५७ वर आपल्या बिलिंगसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलणारा, ७५६७ वर फर्मवेअरच्या, म्हणजे डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, फाइली देणारा, आणि ३००० वर आपल्याला ब्राउझरमध्ये दिसणारं पान. मी ते ऑफिसातल्या आठ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर बसवलं, यूपीएस लावला, आणि आज त्यावर १,२०० डबे हजेरी देतात. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक डबा दर ३०० सेकंदांनी हजेरी देतो. आम्हाला तेवढी घाई नसते म्हणून मी ते अर्ध्या तासावर नेलं. पहिलं पान उघडलं की गोल चित्र दिसतं: आत्ता चालू असलेले गडद हिरवे, गेल्या चोवीस तासांत येऊन गेलेले फिके, बाकीचे अगदी फिके. सकाळी ऑफिस उघडलं की नाना पहिलं ते चित्र बघतात. पूर्वी पेपर बघायचे.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते एका घरातलं सांगते. दांडिया बाजारातलाच जुना वाडा, वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. विजेच्या कडकडाटात त्यांचा ओएनयू जळाला. मी धाकट्या लाइनमनला पाठवलं. वीस वर्षांचा पोरगा, खांबावर चढण्यात आणि स्प्लायसिंगमध्ये (फायबर जोडण्यात) हात उत्तम, पण लॅपटॉपला त्याने कधी हात लावलेला नाही. आधी अशा घरी भाऊजींना किंवा मलाच जावं लागायचं.

त्याने नव्या डब्याच्या पोटावरचं लेबल फोनने स्कॅन करून मला पाठवलं. चार अक्षरं कंपनीची, पुढे आठ आकडे-अक्षरं त्या डब्याची. मी तो नंबर आजींच्या खात्यासमोर टाकला. माझं काम तिथेच संपलं. त्याने हिरव्या टोकाचा कनेक्टर पुसला (हिरवा म्हणजे तिरकं कापलेलं टोक, निळ्याबरोबर जोडायचं नाही, हे आम्ही प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो), पॉवर मीटर लावून फायबरमधून येणारा उजेड बघितला, उणे २१ डीबीएम होता (डीबीएम हे उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका उजेड कमी), आणि टक् असा आवाज येईपर्यंत कनेक्टर आत ढकलला. पॉनचा, म्हणजे फायबरच्या जोडणीचा, दिवा लुकलुकायला लागला.

तो लुकलुकत असतो तेव्हा बरंच काही चाललेलं असतं. आमच्या ऑफिसातली ओएलटी, म्हणजे सगळ्या घरांचं फायबर जिथे येतं ते यंत्र, त्या डब्याचा नंबर ओळखते आणि कुठला व्हीलॅन, किती वेग, हे ओएमसीआय नावाच्या पद्धतीने त्याला देते. मग डबा देखरेखीच्या वेगळ्या व्हीलॅनवर आयपी पत्ता मागतो. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सेवा, त्याला पत्ता देताना ऑप्शन ४३ मध्ये माझ्या सर्व्हरचा पत्ताही देतं. डबा ७५४७ वर येतो आणि बूटस्ट्रॅप असं कळवतो, म्हणजे "मी नवा आहे, मला काही माहीत नाही." सर्व्हर नंबर बघतो, तो आजींच्या खात्याचा निघतो, आणि पीपीपीओईचा युजर, पासवर्ड, वायफायची नावं सगळं एकदम पाठवतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड आम्ही कनेक्शन देतानाच रजिस्टरला नोंदवलेले होते, तेच नव्या डब्यात गेले. म्हणून आजींचा फोन, टीव्ही आणि मुलाने लावून दिलेला कॅमेरा, तिन्ही आपले आपण जोडले गेले. कनेक्टर आत गेल्यापासून साडेचार मिनिटं.

आजी त्या पोराला म्हणाल्या, "झालं? तू तर काही केलंच नाहीस!" पण मग त्यांनी मला फोन लावला. "अगं, पण मग तुला तिथे दुकानात बसून माझ्या घरातलं दिसतं का?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. दिसतं. सगळं नाही, पण दिसतं. कोण काय बघतं, कुणाला काय लिहितं, ते यात दिसत नाही. पण डब्याला कुठकुठली उपकरणं जोडलेली आहेत त्यांची यादी डबा देतो, नावासकट, आणि बहुतेकांच्या फोनला त्यांचं स्वतःचंच नाव दिलेलं असतं. जिनीएसीएसच्या मूळ स्क्रिप्टमध्ये ही यादी दर तासाला मागवणाऱ्या ओळी आहेत, कारण नेट चालत नाही अशी तक्रार आली की ती उपयोगी पडते. पहिल्या महिन्यात मी त्या तशाच ठेवल्या होत्या. एका दुपारी दुसरं काही शोधताना एका ओळखीच्या घराची यादी माझ्यासमोर उघडली आणि माझ्या लक्षात आलं की कुणाचा फोन त्या घरात किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे मला इथे बसून कळू शकतं. मला ते कळायचं काहीच कारण नाही. आमच्या बडोद्याच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांमध्ये, सगळे सगळ्यांना ओळखतात. मी ज्यांचं बघेन ते संध्याकाळी मला सूरसागर तलावाच्या काठावर भेटणार. मी त्या ओळी त्याच दिवशी काढल्या. आता ग्राहकाने स्वतः तक्रार केली आणि "बघू का?" विचारल्यावर हो म्हटलं, तरच मी त्या एका घराची यादी मागवते.

हे सगळं आजींना एवढ्या तपशिलात सांगितलं नाही. दिसू शकतं पण मी बघत नाही, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे." ही गोष्ट इथे मोठी करून लिहिते आहे, कारण जे ऑपरेटर हे बसवतील त्यांना सॉफ्टवेअर आपणहून हा प्रश्न विचारत नाही. किती बघायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि ते पहिल्याच आठवड्यात ठरवायला हवं.

वायफायच्या पासवर्डचं मात्र या पद्धतीत आधीपासून चांगलं ठरवलेलं आहे. नियमाप्रमाणे डब्याला पासवर्ड विचारला तर उत्तर कोरं येतं. नवा लिहिता येतो, आधीचा वाचता येत नाही. "बेन, अमारो पासवर्ड शुं छे?" असा फोन रोज येतो. ग्राहकाने तो मधे बदलला असेल तर मी सांगू शकत नाही, नवा टाकून देऊ शकते. लोकांना ते पटतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये. २०२५ च्या फेब्रुवारीत, ३४० डबे सर्व्हरवर आल्यावर, मी नव्या कनेक्शनांसाठी एक प्रीसेट, म्हणजे कुठल्या डब्याला कधी काय पाठवायचं याचा नियम, लिहिला. नव्या डब्याला आमच्या नावाचं वायफाय आणि ठरलेला पासवर्ड मिळावा, एवढंच काम. प्रीसेटमध्ये इव्हेंट (नियम कुठल्या प्रसंगी लागू करायचा) म्हणून एक चौकोन असतो. त्यात बूटस्ट्रॅप लिहिलं की तो प्रीसेट फक्त पहिल्या वेळी लागतो. तो चौकोन मी कोरा सोडला. कोरा म्हणजे प्रत्येक हजेरीला. रात्री साडेअकराला सेव्ह करून मी झोपले. बारापर्यंत ३४० घरांतल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलून गेलेलं होतं.

सकाळी साडेसहाला पहिला फोन. नेट चालू होतं, पण कुणाच्याच फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला ते सापडत नव्हतं. रावपुऱ्यातल्या एका दवाखान्याचा बिलिंगचा प्रिंटर बंद. बाबाजीपुऱ्यात एका मुलीची सकाळी आठला ऑनलाइन परीक्षा. तिला भाऊजींनी स्वतःच्या फोनचं नेट नेऊन दिलं आणि परीक्षा संपेपर्यंत तिथे थांबले. नावं मला परत मिळाली, दोन दिवसांपूर्वीच्या बॅकअपमध्ये होती. पासवर्ड ज्यांनी स्वतः बदलले होते त्यांचे परत मिळणं शक्यच नव्हतं. मी प्रत्येक घरी फोन केला, ३४० फोन, तीन दिवस. माफी मागितली, जुना पासवर्ड विचारला आणि इथून परत टाकून दिला. सगळ्यांना आठवड्याचे पैसे माफ केले. नानांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, फक्त तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वायफायचं नाव म्हणजे लोकांच्या दारावरची पाटी असते गं."

तेव्हापासून आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत. कुठलाही बदल आधी ऑफिसच्या भिंतीवर टांगलेल्या चार डब्यांवर, मग ज्यांनी आपणहून हो म्हटलंय अशा पाच घरी, मग सगळीकडे. जिनीएसीएसमध्ये डब्याला टॅग लावता येतो आणि प्रीसेटला "फक्त हा टॅग असेल तरच" अशी अट घालता येते. ही सोय उत्तम आहे. मी ती आधी वाचली होती, वापरली नव्हती. आणि ग्राहकाने एकदा वायफायचं नाव स्वतः बदललं की त्या घराला एक टॅग लागतो, मग आमची कुठलीच स्क्रिप्ट त्याला हात लावत नाही.

कष्ट कुठे पडतात, तर डब्यांच्या तऱ्हेतऱ्हांपाशी. टीआर-०६९ एकच, पण प्रत्येक कंपनीने आतली मांडणी आपापल्या सोयीची केली आहे. आमच्याकडे चार मॉडेलं आहेत. एकात १ नंबरचं वायफाय म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ नंबरचं म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यात बरोबर उलट. एकात पासवर्ड एका खणात ठेवलेला, दुसऱ्यात तो आणखी एक पायरी खाली. फायबरच्या उजेडाचा आकडा तर सगळ्यांनी वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवलाय, आणि एका कंपनीच्या डब्यात तो सरळ डीबीएममध्ये येतच नाही, गणित करून काढावा लागतो. त्या कंपनीला मी तीन मेल केले, उत्तर आलं नाही. शेवटी ऑफिसच्या भिंतीवरच्या डब्याला पॉवर मीटर लावून, फायबर थोडं थोडं वाकवून उजेड कमी करत, दोन्हीकडचे आकडे वहीत लिहून मी ते गणित बसवलं. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची आठवण झाली. जिनीएसीएसमध्ये व्हर्च्युअल पॅरामीटर म्हणून सोय आहे. प्रत्येक मॉडेलची वेगळी वाट एकदा लिहून ठेवायची, मग वरून सगळीकडे एकच नाव दिसतं. हे लिहायला मला एकेका मॉडेलला दोन-दोन आठवडे गेले, संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर बसून. सॉफ्टवेअर फुकट आहे असं म्हणणाऱ्यांनी हे आठवडे धरायला हवेत.

सुरक्षेचंही सांगायलाच हवं. २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट बंद पडलं. मिराई नावाच्या व्हायरसच्या एका रूपाने याच ७५४७ पोर्टवरून राउटरवर हल्ला केला होता. ते वाचल्यावर मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. आमचे डबे देखरेखीचं बोलणं फक्त वेगळ्या व्हीलॅनवर करतात, बाहेरच्या इंटरनेटवरून ७५४७ ला कुणी पोचू शकत नाही, आणि ३००० चं पान ऑफिसच्या आतल्या दोनच कॉम्प्युटरवर उघडतं. भाऊजींना ते घरून मोबाईलवर हवं होतं. मी नाही म्हटलं. यावरून आमच्यात आठवडाभर बोलणं कमी झालं होतं, पण यात मी बदल करणार नाही. ज्या पानावरून १,२०० घरांचं वायफाय बदलता येतं ते पान कुणाच्या खिशात असू नये.

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस आमच्या धंद्यात वर्षातले सगळ्यात वाईट. १४ आणि १५ जानेवारीला सगळं बडोदं गच्चीवर असतं, आणि आमच्या ड्रॉप वायरीही गच्च्यांवरूनच जातात. मांजा अडकतो, कुणी ओढतो, कुणी पतंग काढायला वायर खेचतो. इथे एसीएसकडून फार अपेक्षा ठेवू नये. वायर तुटली की डबा बोलायचाच थांबतो, आणि एसीएसला फक्त शांतता कळते. ते घर अंधारात आहे, कुणी प्लग काढलाय, की वायर तुटली आहे, हे त्याला सांगता येत नाही. ते ओएलटी सांगते: वीज जाताना डबा विझायच्या आधी शेवटचा एक निरोप पाठवतो, त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. तो आला असेल तर घरची लाइट गेली आहे. न येता उजेड गेला असेल तर शिडी घेऊन निघायचं.

एसीएसचा उपयोग १६ तारखेला सुरू होतो. तुटलेल्या वायरी लोक सांगतात, ताणलेल्या आणि मुडपलेल्या सांगत नाहीत, कारण नेट चालू असतं, फक्त रेंगाळतं. आमच्या डब्यांना उणे २७ पर्यंतचा उजेड चालतो. माझी स्क्रिप्ट रोज सकाळी उणे २६ च्या खाली गेलेल्या घरांची यादी काढते. पहिल्या वर्षी उत्तरायणानंतर त्या यादीत ३१ घरं आली. लाइनमनने दारात जाऊन "भाई, तमारो वायर जरा जोई लऊं?" म्हटल्यावर लोक गोंधळले, कारण त्यांनी तक्रारच केली नव्हती. नवापुऱ्यातल्या एका घरी तर त्याला बाहेर उभं करून त्यांनी आधी मला फोन केला की हा खरंच तुमचाच माणूस का. बरोबरच केलं त्यांनी. आता आम्ही माणूस पाठवायच्या आधी फोन करतो.

घडियाळी पोळ, मांडवीच्या आसपास घरं भिंतीला भिंत लागून आहेत आणि प्रत्येक घरात वायफाय. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना अडथळा न करणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. पूर्वी "रात्री नेट स्लो होतं" ही तक्रार आली की जाऊन चॅनल बदलून यायचं, आठवड्याने शेजारच्याने बदलला की परत जायचं. आता फोनवर बोलता बोलता बदलून देते. लहान गोष्ट आहे, पण आमच्या रोजच्या फेऱ्यांतल्या सगळ्यात जास्त फेऱ्या यानेच वाचल्या.

नानांची एक शंका मात्र खरी होती. ते म्हणायचे, माणूस घरी गेला, अर्धा तास बसला, चहा झाला, की त्यातच पुढच्या वर्षाचं रिन्युअल व्हायचं. साडेचार मिनिटांत काम करून पोरगा परत आला तर ग्राहकाला आपला चेहरा दिसणार कधी? आम्ही यावर बराच विचार केला. आता धाकटा लाइनमन डबा लावल्यावर लगेच निघत नाही. घरातल्या खोल्यांमधून फिरून वायफाय कुठे कमी पडतं ते बघतो, अडॅप्टर गरम होतोय का, डबा फ्रीजच्या मागे किंवा जिन्याखाली कोंबलाय का ते बघतो. आजींचा डबा जिन्याखालच्या कोनाड्यात होता, तो त्याने काढून वर खिडकीशेजारी लावून दिला. मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना आवाज तुटायचा तो त्या दिवसापासून थांबला. हे लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला कधी सुचलं नसतं. मलाही सुचलं नव्हतं.

घ्यावं का, असं दोन-तीन ओळखीच्या ऑपरेटरांनी विचारलं. २००-३०० कनेक्शनं असतील तर माझ्या मते गरज नाही, नीट ठेवलेली एक्सेल फाइल आणि ओएलटीवरची प्रोफाइलं पुरतात. त्याच्या वर गेलात तर जरूर घ्या, पण घरात किंवा ऑफिसात स्क्रिप्ट लिहू शकणारं आणि रात्रीचे दोन तास देऊ शकणारं कुणीतरी हवं. तसं कुणी नसेल तर दर डब्यामागे दरमहा भाडं घेऊन हीच सेवा देणारे आहेत, ते बघावेत. त्यात वाईट काही नाही, फक्त ग्राहकांच्या घरची उपकरणांची यादी कोणाकडे जाते हे त्यांना लेखी विचारून घ्या. आणि नवे ओएनयू घेताना दुकानदाराला टीआर-०६९ आहे का एवढंच विचारू नका, सगळे हो म्हणतात. एक नमुना आणून आपल्या भिंतीवर पंधरा दिवस लावा. टीआर-३६९ नावाची पुढची पद्धत २०१८ मध्ये आली आहे, तेही विचारून ठेवा. मी पुढच्या खरेदीत विचारणार आहे.

आमचे अजून साधारण २०० डबे जुने आहेत, ज्यांच्यात हे चालत नाही. ते बिघडतील तसे बदलतो आहोत. पावसाळ्याच्या आधी आम्ही शंभर नवे ओएनयू घेतले, सगळ्यांचे नंबर मी एका दुपारी स्कॅन करून सर्व्हरवर चढवून ठेवले, आणि खोकी तळमजल्यावरच्या गोदामातून काढून दुसऱ्या मजल्यावर नानांच्या खोलीतल्या माळ्यावर ठेवली. आता दोन्ही लाइनमन आणि भाऊजी, कुणीही त्यातलं कुठलंही खोकं उचलून कुठल्याही घरी लावू शकतो.